शेजारची ओळ ट्रायलचा निकाल फिरवते, ते ओळखायचं आणि टाळायचं कसं

पिकाच्या जातींची तुलना करायला ट्रायल लावताना आपण बियाणं मोजून घेतो, खत ग्रॅममध्ये तोलतो, रँडमायझेशन, म्हणजे कुठली जात कुठल्या प्लॉटमध्ये याची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी, कॉम्प्युटरवर काढतो, आणि एवढं सगळं करून दोन अगदी वेगळ्या वाढीच्या जाती वीतभर अंतरावर शेजारी शेजारी पेरून मोकळे होतो. मग कापणीला जो आकडा येतो तो त्या जातीचा असतो की शेजारच्या जातीने केलेल्या उपकाराचा किंवा नुकसानीचा, हे कुणी विचारतच नाही. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात चूक झाली तर चांगली जात बाहेर जाते, दांडगी जात आत येते, आणि टेबलमध्ये सगळं नीटनेटकं दिसतं.

आधी नेमकं काय होतं ते बघू. गव्हाचे दोन प्लॉट घ्या, एक जात कंबरेच्या वर जाणारी, दुसरी गुडघ्याच्या थोडी वर. दोन प्लॉट जिथे भिडतात तिथे उकिडवं बसा आणि बुटक्या जातीची कडेची ओळ बघा. मधल्या ओळीत ताटाला चार पाच फुटवे आहेत तिथे कडेला दोन तीनच, खोड बारीक, खालची पानं लवकर पिवळी पडलेली, ओंबीच्या टोकाचे दाणे नीट भरलेले नाहीत. आता मान वळवून उंच जातीची कडेची ओळ बघा, ती तिच्याच मधल्या ओळीपेक्षा भरदार. खत तेच, पाणी तेच, पेरणी एकाच दिवसाची, फक्त शेजार वेगळा.

कारणं तीन चार आहेत आणि ती एकात एक गुंतलेली असतात. सावली तर डोळ्याला दिसतेच. पण सावली पडायच्या आधीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते, कारण हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि दूर-लाल प्रकाश बराचसा परत फेकतं, शेजारच्या रोपातलं फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य हा बदल टिपतं आणि रोप उंच व्हायच्या मागे लागतं, फुटवे कमी काढतं. म्हणजे खरी दाटी व्हायच्या आधीच रोपाचा खर्चाचा हिशोब बदललेला असतो. जमिनीखाली मुळं, ज्याची आधी आणि खोल गेली त्याने पाणी आणि नत्र उचललं. मुळांना प्लॉटच्या सुतळीची हद्द माहीत नसते. आणि चौथं म्हणजे वेळ, लवकर येणारी जात वाळून गेली की उशिरा येणाऱ्या शेजाऱ्याला ऐन दाणे भरताना जादा उजेड आणि उरलेलं पाणी मिळतं, त्यामुळे सुरुवातीला दबलेली जातसुद्धा शेवटी फायदा काढून जाऊ शकते. म्हणून नुसती उंची बघून भागत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. बरेच जण म्हणतात रेप वाढवा, म्हणजे त्याच जाती आणखी वेळा लावा, रँडमायझेशन नीट करा, सगळं सरासरीत जाईल. नाही जात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड प्रयोग केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये आले आणि त्यानंतर रेप, ब्लॉक (सारख्या जमिनीचे तुकडे) आणि रँडमायझेशनची जी शिस्त शेतीच्या प्रयोगांना मिळाली तिच्यामुळे जमिनीतल्या चढउताराचा पक्षपात निघतो, कारण चांगली जमीन कधी या जातीच्या वाट्याला येते कधी त्या. पण सगळ्यात उंच जात कुठेही पडली तरी तिचा शेजारी तिच्यापेक्षा बुटकाच असणार! चारही रेपमध्ये ती कुणाला ना कुणाला दाबणारच. म्हणजे ही चूक एकाच दिशेची आहे, रेप वाढवले की तोच चुकीचा आकडा आणखी ठामपणे हातात येतो, सीव्ही (आकड्यांच्या विखुरलेपणाची टक्केवारी) कमी दिसतो आणि आपण खुश होतो.

एक सोपा हिशोब करून बघा. समजा दोन जातींचं स्वतःच्या शेतात, म्हणजे सगळीकडे तीच जात असताना, एका ओळीचं उत्पादन अगदी सारखं आहे, ५०० ग्रॅम. आणि समजा दुसरी जात शेजारी आली की त्या एका बाजूमुळे उंच जातीला २५ ग्रॅम मिळतात आणि बुटकीचे २५ ग्रॅम जातात. एकेरी ओळीचे प्लॉट असतील तर दोन्ही बाजूंना परका शेजारी, म्हणून उंच ५५०, बुटकी ४५०, फरक १०० ग्रॅम. तीन ओळींचा प्लॉट घेऊन तिन्ही ओळी कापल्या तर उंचचे ५२५, ५०० आणि ५२५, सरासरी जवळपास ५१७, बुटकीची ४८३, फरक ३३. पाच ओळी घेऊन पाचही कापल्या तर ५१० आणि ४९०, फरक २०. आणि कडेची एकेक ओळ सोडून मधल्याच कापल्या तर फरक शून्य, जो खरा आहे. म्हणजे प्लॉट नुसता मोठा केला तर चूक कमी होते पण जात नाही, कडेची ओळ सोडली तरच जाते. हे गणित एकदा हाताने कागदावर करा, बॉर्डर, म्हणजे कडेच्या, ओळी का सोडायच्या ते कायमचं डोक्यात बसतं.

हा प्रश्न काही आजचा नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या कीसलबाख या संशोधकाने १९१९ मध्येच शेजारच्या प्लॉटमधली स्पर्धा हे पीक चाचण्यांमधल्या चुकीचं एक कारण म्हणून मांडलं होतं. आणि जे दांडगं तेच चांगलं असं धरून चालणं किती महागात पडतं याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बार्लीचं आहे. तिथे १९३३ पासून चार जाती सारख्या प्रमाणात मिसळून वर्षानुवर्षं तेच मिश्र बी परत पेरत गेले, १९४९ मध्ये सुनेसन या संशोधकाने निकाल छापला, तर एकटी पेरल्यावर भरपूर पिकणारी व्हॉन नावाची जात मिश्रणातून जवळपास नाहीशी झाली होती आणि ॲटलस नावाच्या जातीने सगळं व्यापलं होतं. भातातही जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांना १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये हेच दिसलं, उंच पसरट जाती मिश्रणात बुटक्यांना खाऊन टाकायच्या आणि एकट्या लावल्या की बुटक्याच जास्त पिकायच्या. १९६६ साली आलेली भाताची आयआर ८ ही जात तशाच बुटक्या बांध्याची. १९६८ मध्ये डोनाल्ड या पीक शास्त्रज्ञाने तर उघडच लिहिलं की शेतात भरघोस पिकणारं रोप हे शेजाऱ्याशी भांडणारं नसावं, सगळी रोपं सारखीच असताना एकमेकांना कमी त्रास देणारं असावं. शेतकरी एकच जात पेरणार आहे हे लक्षात घेतलं की त्याचं म्हणणं पटतं. एकेरी ओळींच्या ट्रायलमध्ये आपण नेमकं उलटं रोप निवडत असतो.

आता करायचं काय ते.

पहिलं म्हणजे उत्पादन मोजायचं असेल तर एकेरी ओळीचा प्लॉट नको. किमान चार ओळी, त्यातल्या मधल्या दोन कापायच्या. जमलं तर सहा, मधल्या चार. ४५ सेंटिमीटर अंतराच्या चार ओळी, ५ मीटर लांब, म्हणजे ग्रॉस प्लॉट (पेरलेलं सगळं क्षेत्र) ९ चौरस मीटर. मधल्या दोन ओळी, दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडून ४ मीटर, म्हणजे नेट प्लॉट (कापून मोजायचं क्षेत्र) ३.६ चौरस मीटर. पेरलेल्यातलं फक्त ४० टक्के मोजलं जातं, जीव हळहळतो हे खरं आहे. सहा ओळी केल्या तर ग्रॉस १३.५ आणि नेट ७.२, म्हणजे ५३ टक्क्यांच्या वर. बॉर्डरचा खर्च मोठ्या प्लॉटमध्ये तुलनेने कमी पडतो, म्हणून जागा बेताची असेल तर मी चार ओळींचे खूप प्लॉट करण्यापेक्षा जातींची संख्या कमी करून सहा ओळींचे करीन. अगदी जवळच्या ओळींच्या पिकात, २० सेंटिमीटरच्या आसपास, आणि उंचीत खूप तफावत असेल तर एक बॉर्डर ओळ पुरत नाही, सावली दुसऱ्या ओळीपर्यंत पोचते, तिथे प्रत्येक बाजूच्या दोन सोडा.

क्षेत्रफळ काढताना एक चूक फार होते. चार ओळींची रुंदी म्हणजे चार अंतरं, तीन नाही, कारण प्रत्येक ओळ तिच्या दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी जागा वापरते. टेप पहिल्या ओळीच्या खोडापासून शेवटच्या ओळीच्या खोडापर्यंत लावली तर १.८० ऐवजी १.३५ मीटर येतात आणि हेक्टरी उत्पादन एका झटक्यात तेहतीस टक्के फुगतं.

दुसरं, सारख्याला सारखं ठेवा. जातींची उंची आणि पक्वतेचे दिवस आधी माहीत असतात, निदान अंदाज असतो. बुटक्या, मध्यम, उंच असे गट करा, किंवा लवकर येणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या असे, आणि प्रत्येक रेपमध्ये एका गटातल्या जाती एकत्र ठेवून गटाच्या आत रँडमाइझ करा, गटांची जागासुद्धा रँडम. परके शेजारी राहतातच पण त्यांच्यातला फरक लहान होतो. याची किंमत अशी की गटाच्या आतली तुलना पक्की होते आणि दोन वेगळ्या गटांतल्या जातींची तुलना थोडी सैल होते, त्यामुळे प्रत्येक गटात तीच चेक जात, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेली जात, टाका. दोन गटांच्या मध्ये दोन तीन ओळी मध्यम उंचीच्या जातीच्या भरावाच्या टाका, त्या कापून मोजायच्या नाहीत.

हा भराव सगळ्या प्लॉटमध्येही टाकता येतो, म्हणजे प्रत्येक प्लॉटच्या दोन्ही बाजूंना एकच ठरलेली जात. शेजार सगळ्यांना सारखा मिळतो हे चांगलं, पण सारखा शेजार म्हणजे सारखी स्पर्धा नव्हे हे विसरू नका, भरावाची जात मध्यम असेल तर उंच जात तिला दाबणार आणि बुटकी तिच्याखाली दबणार, दोष अर्धामुर्धा उरतोच. स्वतःच्याच जातीची बॉर्डर ओळ नेहमी जास्त चांगली.

मोकळी वाट ठेवून प्लॉट वेगळे करायचे ही आयडिया सगळ्यांनाच सुचते. त्याने शेजाऱ्याची कटकट जाते आणि नवी येते. वाटेला लागून असलेल्या ओळीला जादा उजेड, जादा ओल, जादा नत्र मिळतं आणि ती फुगते, शिवाय सगळ्या जाती सारख्या फुगत नाहीत, भरपूर फुटवे काढणारी किंवा फांद्या पसरणारी जात मोकळ्या जागेचा फायदा जास्त उचलते. म्हणून वाट ठेवली तरी कडेची ओळ सोडावीच लागते. आणि पूर्ण ट्रायलच्या चारही बाजूंना बॉर्डर पीक हवंच, नाहीतर पहिला आणि शेवटचा प्लॉट वेगळ्याच हवामानात वाढतो.

टोकं कधी कापायची यावर वाद होतात. माझं मत ठाम आहे, पीक तयार झाल्यावर, नेट प्लॉट कापायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी. महिनाभर आधी टोकं छाटली की जी रोपं नव्याने टोकाला आली त्यांना मोकळी जागा मिळते आणि मग तीच फुगतात. आधी बॉर्डर कापा, बांधून शेताबाहेर न्या, मग नेट कापा. दोन्ही एकदम कापायला माणसं लावली की पेंढ्या मिसळतात. मी हे एकदा भोगलंय, पाच प्लॉटचा डाटा टाकून द्यावा लागला होता, कारण कुठली पेंढी कडेची आणि कुठली मधली ते कुणालाच सांगता येईना.

ओळींची दिशा निवडायची सोय असेल तर उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळची सावली एका बाजूला आणि दुपारनंतरची दुसऱ्या बाजूला अशी वाटली जाते. पूर्व-पश्चिम ओळींमध्ये सूर्य दक्षिणेकडून तिरपा येत असला की उंच प्लॉटच्या उत्तरेचा शेजारी दिवसभर सावलीत आणि दक्षिणेचा मोकळा. पण जमिनीचा उतार किंवा पाण्याची सोय वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका, दिशेचा फायदा बॉर्डर ओळीच्या फायद्याएवढा नाही.

खत आणि पाण्याच्या ट्रायलमध्ये गोष्ट आणखी बिकट. जात एकच असली तरी शून्य नत्राच्या प्लॉटची मुळं शेजारच्या भरपूर नत्राच्या प्लॉटमध्ये घुसतात, शिवाय नत्र पाण्याबरोबर स्वतःच चालत येतं. मग शून्य नत्राचं उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि खताचा फायदा कमी दिसतो, म्हणजे सगळा प्रयोग ज्यासाठी केला तोच आकडा पुसट होतो. इथे एका ओळीने भागत नाही, प्लॉटच मोठे घ्या, मध्ये बांध घाला, पाणी एका प्लॉटमधून दुसऱ्यात न जाता प्रत्येकाला वेगळं पाटातून द्या. पाण्याच्या ट्रायलमध्ये तर भिजवलेल्या आणि कोरड्या प्लॉटमध्ये रुंद पट्टा सोडल्याशिवाय मी निकाल मानणारच नाही. असे उपचार मेन प्लॉटला, म्हणजे मोठ्या प्लॉटला, ठेवून बाकीचे त्याच्या आतल्या लहान तुकड्यांना दिले, म्हणजे स्प्लिट प्लॉट केलं, तर पट्टे कमी लागतात.

नांगे, म्हणजे ओळीत रोप नसलेल्या रिकाम्या जागा, हा याच विषयाचा भाग आहे पण त्याकडे उगवणीचा प्रश्न म्हणून बघितलं जातं. एक रोप मेलं की त्याच्या दोन्ही बाजूंची रोपं पसरतात, म्हणून एकेका रोपाची निरीक्षणं घेताना, उंची, शेंगा, कणसाचं वजन, नांग्याशेजारचं रोप घ्यायचं नाही. चारही बाजूंनी शेजारी असलेलं रोप घ्यायचं, तेही मधल्या ओळीतलं, आणि निवड डोळ्याने न करता आधीच आकडे काढून करायची, नाहीतर हात आपोआप टवटवीत रोपाकडे जातो. नांगे भरायचे तर उगवण दिसताच लगेच भरा, उशिरा लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीतच वाढतं आणि नुसती जागा अडवतं. त्यापेक्षा थोडं दाट पेरून वेळेवर विरळणी केलेली बरी. आणि नेट प्लॉटमध्ये नांगे असतील तर एकूण उत्पादनाला रोपांच्या संख्येने भागून पूर्ण संख्येने गुणू नका, शेजाऱ्यांनी त्यातली बरीच भरपाई आधीच केलेली असते, दोनदा दुरुस्ती होते. रोपांची संख्या लिहून ठेवा, हवी तर विश्लेषणात कोव्हेरिएट (हिशोबात जोडीला धरायचा आकडा) म्हणून घ्या.

तुमच्या ट्रायलमध्ये स्पर्धा आहे की नाही हे ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एका रेपमध्ये ओळीनुसार कापणी. प्रत्येक ओळीची वेगळी पिशवी, लेबलवर प्लॉट नंबर आणि ओळ नंबर, एक आतमध्ये आणि एक बाहेर बांधलेलं. मग प्रत्येक प्लॉटसाठी कडेच्या ओळीतून मधल्या ओळींची सरासरी वजा करा, डावी आणि उजवी बाजू वेगळी. समोर शेजाऱ्याची उंची वजा स्वतःची उंची लिहा. या दोन आकड्यांचा ग्राफ काढा. ठिपके उतरत गेले, म्हणजे शेजारी जितका उंच तितकी कडेची ओळ कमी, तर स्पर्धा आहे आणि ती किती आहे तेही त्या उतारावरून कळतं. ठिपके कसेही विखुरलेले असतील तर त्या पिकात त्या अंतरावर फार काळजी नको. एक दिवसाची मेहनत आहे, पण पुढच्या सगळ्या वर्षांचा लेआउट त्यावर ठरवता येतो.

ओळीनुसार कापणी झाली नसेल तर रेसिड्युअल, म्हणजे जात आणि ब्लॉकचा वाटा काढल्यावर प्रत्येक प्लॉटचा उरलेला फरक, नकाशावर मांडून बघा. जमिनीचा फरक असतो तेव्हा शेजारचे प्लॉट सारखे वागतात, चांगल्याशेजारी चांगला. १९३७ मध्ये पापाडाकिस या संशोधकाने शेजारच्या प्लॉटचा आधार घेऊन दुरुस्ती सुचवली ती याच सारखेपणावर. स्पर्धा उलटं करते, एक वर गेला की शेजारचा खाली. म्हणून लांब कडा भिडतात त्या दिशेने एक वर एक खाली असं दिसत असेल आणि टोकाला टोक भिडतं त्या दिशेने तसं दिसत नसेल तर संशय घ्या. पण जमिनीचा फरक आणि स्पर्धा दोन्ही एकत्र असले की ते एकमेकांना झाकतात, नकाशा साफ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

विश्लेषणात दुरुस्ती करता येते, केम्पटन या संशोधकाने १९८२ मध्ये जातींमधल्या स्पर्धेसाठी तसं मांडलंच आहे. सोप्या शब्दांत, मॉडेलमध्ये जात आणि ब्लॉकबरोबर दोन्ही शेजाऱ्यांच्या उंचीची सरासरी वजा स्वतःची उंची हाही एक कोव्हेरिएट घालायचा आणि मग तो फरक शून्य असताना, म्हणजे शेजारी स्वतःचीच जात असताना, उत्पादन किती ते काढायचं. पण एक अट आहे. एकाच जातीला वेगवेगळ्या रेपमध्ये वेगवेगळे शेजारी मिळालेले हवेत. सोयीसाठी सगळ्या रेपमध्ये जाती त्याच क्रमाने लावल्या असतील तर शेजारी कायम तोच, आणि मग जातीचा स्वतःचा गुण किती आणि शेजाऱ्याचा किती हे कुठलंच सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. दुरुस्ती करायची शक्यता वाटत असेल तर सुरुवातीलाच शेजार-संतुलित डिझाइन घ्या, ज्यात जातींच्या जोड्या शेजारी यायची संख्या जमेल तितकी सारखी ठेवलेली असते. मी मात्र दुरुस्तीवर विसंबून बॉर्डर ओळींशिवाय ट्रायल लावणार नाही. आणि कोव्हेरिएटसाठी उंची मोजायची ती मधल्या ओळीतली, कडेच्या रोपाची उंची शेजाऱ्यामुळेच बदललेली असते.

बी मूठभरच असेल, सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये असतंच, तर एकेरी ओळीला पर्याय नाही. तिथे मी उत्पादनावर निवड करतच नाही. उंची, फुलोऱ्याचे दिवस, रोग, दाण्याचा आकार, बांधा यावर निवडतो, कारण या गोष्टी शेजाऱ्यामुळे त्या मानाने कमी हलतात, आणि उत्पादनाचा निर्णय बी वाढल्यावर बॉर्डरवाल्या प्लॉटमध्ये घेतो. एकेरी ओळीत मोजायचंच असेल तर निदान उंचीप्रमाणे गट करा, आणि एखादी बुटकी ओळ दोन उंच ओळींच्या मध्ये सापडून कमी पिकली असेल तर तिला त्या वर्षी बाद करू नका.

फिल्ड बुकमध्ये प्रत्येक प्लॉटसमोर दोन रकाने वाढवा, डावा शेजारी आणि उजवा शेजारी. निसवल्यावर, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्यावर, एकदा फिरून मधल्या ओळीची उंची लिहा, वारा पाऊस झाल्यावर कुठल्या प्लॉटचं पीक लोळून कुणाच्या अंगावर पडलंय ते तारखेसकट लिहा, कारण दाणे भरताना आठवडाभर लोळलेल्या पिकाखाली दबलेल्या ओळीचा आकडा नेट प्लॉटमध्ये धरायचा की नाही हे कापणीनंतर आठवणीवर ठरवता येत नाही.